विश्लेषण : ‘ब्रीफ’च्या अहवालातील ७० म्हणजे पास की नापास?

मूल हुशार आहे, पण गृहपाठाला बसत नाही, डबा शाळेत विसरते, मोबाइल काढून घेतला की आकांडतांडव करते. अशा तक्रारींमागे अनेकदा ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’, म्हणजे काम सुरू करणे, लक्षात ठेवणे, आखणी करणे, स्वतःला आवरणे या क्षमतांतील अडचण असते. ‘एडीएचडी’ आणि ऑटिझममध्ये ती बऱ्याचदा दिसते. ती मोजणारी ‘ब्रीफ’ ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते.

आकडा कसा वाचायचा?

२००० मध्ये अमेरिकेत आलेल्या या प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती २०१५ची. ५ ते १८ वर्षांच्या मुलांविषयी पालक आणि शिक्षक ६३ विधानांना ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’ किंवा ‘बऱ्याचदा’ असे उत्तर देतात. त्यातून ‘टी-स्कोअर’ निघतो. हे टक्के नव्हेत. ५० ही सरासरी. आकडा वाढला की अडचण जास्त, म्हणजे गुणपत्रिकेच्या नेमके उलट. ६५ किंवा त्याहून अधिक आकडा तज्ज्ञ गांभीर्याने घेतात. मात्र केवळ त्यावरून निदान होत नाही.

उपचार कशावरून ठरतात?

एकूण आकड्यापेक्षा नऊ उपविभाग महत्त्वाचे. दोन मुलांचा एकूण आकडा ७० असू शकतो. एकाची अडचण तात्पुरत्या स्मरणाची असेल, तर सूचना एकेक आणि लिहून द्याव्या लागतात. दुसऱ्याला राग आवरत नसेल, तर भर पालक प्रशिक्षणावर. सरसकट ‘एकाग्रतेचे व्यायाम’ दोघांनाही पुरणार नाहीत.

घरी ७२, शाळेत ५४ असे आले तर?

कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. शाळेत घंटा आहे, वेळापत्रक आहे. घरी तो आधार नसतो. उपचाराची सुरुवात कुठे करायची, हे त्या तफावतीतून कळू शकते. टेबलावरच्या चाचणीत मूल चांगले करते म्हणून पालकांची तक्रार खोटी ठरत नाही. २० अभ्यासांच्या २०१३च्या आढाव्यात अशा चाचण्या आणि प्रश्नावल्या यांच्यातील सहसंबंधाचा मध्यांक जेमतेम ०.१९ होता.

फरक पडला का?

तीच प्रश्नावली काही महिन्यांनी पुन्हा भरून घेतली, तर उत्तर मिळते. तिचे मूळ निकष अमेरिकी मुलांवर बेतलेले आहेत. त्यामुळे इथल्या मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करणे अधिक भरवशाचे. सकाळी घेतलेल्या अल्पकालीन मेथिलफेनिडेटचा परिणाम संध्याकाळपर्यंत ओसरतो. तेव्हा गोळीचा उपयोग झाला का, हे शिक्षकांनाही विचारायला हवे. पहिल्यांदा आईने आणि नंतर वडिलांनी फॉर्म भरला, तर मात्र ही तुलना फसते.