कौतुकाच्या पलीकडचा लोकाश्रय

अमेरिकेच्या साऊथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन या शहरात दर वर्षी वसंत ऋतूत महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा मातीच्या कोर्टवर भरते. पुरुषांची स्पर्धा तिच्या जोडीला नसते. तिकिटे विकली जातात ती केवळ महिलांचा खेळ पाहण्यासाठी. या स्पर्धेच्या संयोजकांनी २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. २०२६ पासून आपल्या स्पर्धेतील बक्षिसांची रक्कम त्याच दर्जाच्या पुरुषांच्या स्पर्धेइतकी राहील, असा तो निर्णय होता. महिला टेनिस संघटनेने या दर्जाच्या स्पर्धांसाठी समान बक्षिसांचे उद्दिष्ट २०३३ पर्यंत गाठण्याचे ठरविले होते. एका मध्यम आकाराच्या शहरातील स्पर्धेने ते सात वर्षे आधीच गाठावे, ही घटना क्रीडापानाच्या कोपऱ्यात संपण्यासारखी नाही. महिलांच्या खेळाला प्रतिष्ठा कोण देतो आणि ती कशी टिकते, या प्रश्नाचे उत्तर या स्पर्धेच्या इतिहासात सापडते.

त्यासाठी १९७० पर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी लॉस एंजेलिसमधील एका मोठ्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, तर महिला विजेतीला अवघे १,५०० डॉलर देऊ करण्यात आले होते. या अपमानास्पद विषमतेविरुद्ध नऊ महिला खेळाडू उभ्या राहिल्या. बिली जीन किंग, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची आदी खेळाडूंनी ह्यूस्टन येथे प्रत्येकी एका डॉलरचा प्रतीकात्मक करार केला आणि आपली स्वतंत्र स्पर्धा खेळून दाखविली. प्रस्थापित संघटनेने बंदीचा बडगा उगारला, तरी त्या डगमगल्या नाहीत. पुढे १९७३ मध्ये महिला टेनिसपटूंची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, ती याच धैर्यातून.

परंतु धैर्याला आधार लागतो. प्रारंभीच्या काळात महिलांच्या या दौऱ्याला पैसा पुरविला तो एका सिगारेट कंपनीने. स्त्रियांच्या स्वाभिमानाचा लढा तंबाखूच्या पैशावर चालावा, हा विरोधाभास त्या काळीही अनेकांना खटकला होता. अशा वेळी, १९७३ मध्येच, एक वेगळा आश्रयदाता पुढे आला. ‘फॅमिली सर्कल’ हे गृहिणींसाठी निघणारे मासिक होते. पाककृती, मुलांचे संगोपन, घरखर्च असे विषय हाताळणारे आणि किराणा दुकानांतून घरोघरी पोहोचलेले. या मासिकाच्या नावाने साऊथ कॅरोलिनातील हिल्टन हेड बेटावर महिलांची स्पर्धा सुरू झाली. तिची एकूण बक्षिसे १ लाख डॉलरची होती. महिलांच्या टेनिसमध्ये त्या काळी ही मोठी रक्कम होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने ती घराघरांत दाखविली. अंतिम सामन्यात रोझी कॅसल्स व नॅन्सी रिची समोरासमोर आल्या. तीन वर्षांपूर्वी एका डॉलरच्या करारावर सही करणाऱ्या कॅसल्सने ३० हजार डॉलरचे बक्षीस जिंकले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या मासिकाने मैदान गाजविणाऱ्या स्त्रीला आधार दिला. कुटुंब आणि कर्तृत्व यांत वैर आहे, अशी एक समजूत आधुनिकतेच्या नावाखाली पसरविली जाते. दुसऱ्या टोकाला, मुलीने मैदानात उतरले की घराची घडी विस्कटते, अशीही भीती घातली जाते. या दोन्ही समजुती किती उथळ आहेत, हे या स्पर्धेने कोणतीही घोषणा न देता दाखवून दिले. मासिकाचे नाव या स्पर्धेला २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ जोडलेले राहिले. २०१९ अखेर मासिकाची छापील आवृत्ती बंद झाली. स्पर्धा मात्र आजही उभी आहे.

ही स्पर्धा मातीवर खेळली जाते, हेही अर्थपूर्ण आहे. युरोपातील कोर्ट विटांच्या चुऱ्याची, म्हणून लाल असतात. चार्ल्स्टनची माती हिरवट करड्या रंगाची आहे. सह्याद्रीचा कातळ ज्या बेसाल्ट कुळातील, त्याच कुळातील हिरवा खडक दळून ती तयार होते. या मातीवर सतत पाणी मारावे लागते, रूळ फिरवावा लागतो, प्रत्येक सामन्यानंतर ती सारखी करावी लागते. येथे चेंडूचा वेग मंदावतो आणि एका जोरकस फटक्याने गुण मिळणे अवघड होते. पाय घसरवत चेंडूपर्यंत पोहोचावे लागते, प्रतिस्पर्ध्याला पुनःपुन्हा उत्तर द्यावे लागते. संयम आणि चिवटपणा यांची ही परीक्षा आहे. ख्रिस एव्हर्टने ही परीक्षा आठ वेळा जिंकली. मार्टिना नवरातिलोवा आणि स्टेफी ग्राफ यांनी प्रत्येकी चार वेळा. तांबड्या मातीतल्या कुस्तीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला मातीची ही शिकवण नवी नाही.

२००१ मध्ये ही स्पर्धा चार्ल्स्टन शहरात आली. शहराने तिच्यासाठी सार्वजनिक टेनिस केंद्र उभारले. स्पर्धेचा आठवडा संपला की तीच कोर्ट नागरिकांसाठी खुली असतात. तेथील एका कोर्टला अॅल्थिया गिब्सनचे नाव आहे. याच राज्यात १९२७ मध्ये जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी वर्णभेदाच्या भिंती ओलांडत १९५६ मध्ये पॅरिसच्या मातीवर फ्रेंच विजेती झाली. समाज आपल्या लेकींची आठवण अशी जपतो, तेव्हा पुढच्या पिढीतील मुलींना वाट दिसते.

भारताचाही या मातीशी संबंध आहे. एप्रिल २०१५ मध्ये सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिसच्या साथीने येथेच दुहेरीचे विजेतेपद मिळविले आणि त्या विजयाने ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आपल्या खेळाडूने शिखर गाठले ते चार्ल्स्टनकरांनी जपलेल्या व्यासपीठावर. आपण आपल्या देशात अशी किती व्यासपीठे टिकविली?

याचे उत्तर समाधानकारक नाही. या शतकाच्या प्रारंभी हैदराबाद, कोलकाता आणि बंगळूर येथे महिला दौऱ्याच्या मुख्य स्पर्धा भरत. एकेक करून त्या बंद पडल्या. २००८ नंतर त्या दर्जाची स्पर्धा पुन्हा भारतात यायला २०२२ उजाडले. ती चेन्नईत झाली. मधल्या चौदा वर्षांत आपल्या मुलींच्या एका पिढीला त्या दर्जाच्या स्पर्धेत घरच्या प्रेक्षकांसमोर खेळण्याची संधीच नव्हती. या निराशेत काही उजळ ठिकाणेही आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अंडी उत्पादकांच्या समन्वय समितीच्या पाठबळाने महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा अनेक वर्षे भरत आली आहे. मुंबईत महिलांची स्पर्धा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. गुणवत्तेचा दुष्काळ नाही, हे यावरून स्पष्ट होते. दुष्काळ आहे तो सातत्याने उभ्या राहणाऱ्या पाठीराख्यांचा.

आपला समाज मनावर घेतो, तेव्हा काय घडते, हेही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान प्रेक्षकांनी भरून गेले होते. तो उत्साह अन्य खेळांच्या वाट्याला का येऊ नये? पदक मिळाल्यावर सत्काराचे फलक लावायला आपण उत्सुक असतो. पण पदकापूर्वीच्या दहा वर्षांत ती मुलगी कोठे सराव करत होती, प्रवासखर्च कोण देत होते, याची चौकशी फार थोडे लोक करतात. नवरात्रात शक्तीची आराधना करणाऱ्या समाजाला ही उदासीनता शोभत नाही.

सरकारने काय करावे, याची यादी लांब असू शकते. समाजाने करावयाच्या गोष्टी मात्र साध्या आहेत. गावातील मुलींच्या सामन्याला सहकुटुंब जाऊन बसावे. स्थानिक बँका, पतसंस्था, व्यापारी आणि मंडळे यांनी आपल्या वार्षिक खर्चातील थोडा वाटा मुलींच्या एखाद्या स्पर्धेसाठी राखावा, आणि तो एका वर्षासाठी न ठेवता किमान दहा वर्षांसाठी ठेवावा. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावा. मातीचे कोर्ट रोज पाणी मागते. एक दिवस भिजवून ते वर्षभर टिकत नाही. खेळाडू घडविण्याचे कामही तसेच आहे. किराणा दुकानात विकल्या जाणाऱ्या एका मासिकाने सुरू केलेले काम अर्धशतकानंतर समान सन्मानापर्यंत पोहोचते, तर हजारो संस्थांचे जाळे असलेल्या आपल्या समाजाला ते अशक्य का वाटावे?