माळ्यावरचा मुंजा
लोणावळ्या-खंडाळ्यात वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेल्या बंगल्यांना भुताटकीची ख्याती आपसूकच मिळते. चेंडू आणायला कुंपणावरून आत शिरलेलं पोर ‘माळ्यावर मुंजा फुसफुसतोय’ म्हणत धूम ठोकतं आणि घरात दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्यांची शोधाशोध सुरू होते. अहो, मुंजाचा मुक्काम पिंपळावर. मंगलोरी कौलांखाली बिऱ्हाड असतं ते गव्हाणी घुबडाचं! बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, रात्रीची किंकाळी, भुकेल्या पिल्लांची फुसफुस. खाली जमिनीवर उंदरांचे केस-हाडं भरलेल्या काळपट गोळ्या सापडतात, आणि भूत काही उंदीर खात नाही. भातशेतीच्या मावळात हा बिनपगारी राखणदारच. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. तेव्हा मांत्रिक राहू द्या, पोराच्या हाती दुर्बीण द्या.