पदक्रम ‘मुक्त’ असतो काय?

मराठीचा पदक्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा असून तो बराचसा मुक्त आहे, हे विधान आपण व्याकरणाच्या अभ्यासात वाचले असेल. त्यातील ‘मुक्त’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत आहे.

पुढील वाक्ये पाहा : ‘मी दार उघडले.’ ‘दार मी उघडले.’ कर्ता, कर्म, क्रियापद आणि प्रयोग दोन्हींत एकच आहेत. तरीही पहिले वाक्य ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाचे स्वाभाविक उत्तर आहे, तर दुसरे ‘दार कोणी उघडले?’ या प्रश्नाचे. दुसऱ्या वाक्यात दार उघडले गेल्याचे श्रोत्याला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. नवीन माहिती ‘मी’ एवढीच. आणि ती क्रियापदाच्या लगत आधी येते.

या व्यवस्थेचे विवेचन कार्यवादी भाषाविज्ञानाने केले. प्राग संप्रदायाचे व्हिलेम माथेसिउस यांनी 1939 मध्ये व्याकरणिक विभागणीहून निराळी अशी वाक्याची विभागणी मांडली : ज्याविषयी बोलायचे तो आधार आणि त्याविषयी जे सांगायचे तो गाभा. पुढे हॅलिडे यांनी दोन बाबी वेगळ्या केल्या. वक्ता कोठून आरंभ करतो ही एक. श्रोत्याला काय ज्ञात व काय नवीन ही दुसरी. इंग्रजीत ही दुसरी बाब मुख्यतः आघात व सुरावट यांतून व्यक्त होते.

बोलताना मराठीतही आघात साहाय्य करतो. ‘मी’वर जोर दिल्यास पहिले वाक्यही ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकते. लेखनात मात्र आवाज नसतो. तेथे पदक्रम आणि ‘च’, ‘ही’, ‘तर’ यांसारख्या अव्ययांवरच भिस्त ठेवावी लागते. साक्षीदार ‘मी दार उघडले’ असे सांगत असता जबाबात ‘दार मी उघडले’ असे लिहिले गेले, तर घटनेचे साधे कथन कबुलीसारखे वाचले जाईल. शब्द तेच राहतील. माणसाची बाजू मात्र बदलेल.

म्हणून वाक्यपृथक्करण करताना कर्ता व कर्म ओळखून थांबू नका. हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हेही स्वतःला विचारा. ज्या पदक्रमाला आपण मुक्त म्हणतो, त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते.