पंढरीची वाट आणि पाळीची गोळी

आषाढ जवळ आला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या बैठकांना बाया कमी होतात. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, सावरकरनगर या भागांत सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांच्या आसऱ्याने माणसे आली, वस्त्या वाढल्या. पुढे बरेच कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुरुषांची नोकरी गेली, बाया धुणीभांडी, पॅकिंग, घरबसल्या मिळणारी कामे करू लागल्या. या सगळ्यात गावाकडून बरोबर आणलेली वारी मात्र सुटली नाही. काही जणी गावच्या दिंडीत चालतात. ज्यांना तीन आठवडे घर सोडणे शक्य नसते, त्या एकादशीच्या आधी खोपट किंवा वंदना स्टँडवरून रात्रीची एस.टी. धरतात. मार्च २०२३ मध्ये एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून 'यंदा पैसे नाहीत, राहू दे' हे घरच्यांचे उत्तरही लंगडे पडले आहे.

चळवळीत वारीचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, ही अंधश्रद्धा आहे, बायांना यातून बाहेर काढले पाहिजे. दुसरा म्हणतो, ही समतेची परंपरा आहे, तिला नावे ठेवू नका. दोन्ही बाजूंनी विद्वत्तापूर्ण लेख लिहिले गेले आहेत. पण पंढरपूरला जाणाऱ्या बाईच्या शरीराचे त्या चार दिवसांत काय होते, हा प्रश्न दोन्हीकडून सुटतो. मला त्याविषयी लिहायचे आहे.

वारीची तयारी म्हणून वस्तीतल्या बाया काय काय घेतात? दोन साड्या, भाकरी-चटणी, प्लास्टिकचा इरलेवजा कागद, टाळ असले तर टाळ. आणि औषधाच्या दुकानातून एक पाकीट. त्या गोळीचे नाव कोणाला ठाऊक नसते. 'पाळी पुढं ढकलायची गोळी' असे म्हटले की दुकानदार देतो. चिठ्ठी मागत नाही. वय विचारत नाही, दिवस गेले आहेत का विचारत नाही, आधी कधी काही आजार झाला होता का तेही विचारत नाही.

गेल्या आषाढाच्या तोंडावर जाणाऱ्या बायांना एकत्र बसवून आम्ही यावर बोललो. पाळी सुरू असलेल्या वयाच्या बऱ्याच जणींनी गोळी घेतली होती किंवा घेणार होत्या. एकीला ती सासूने स्वतः आणून दिली होती. एक जण गणपती, नवरात्र, घरचे लग्न आणि आषाढी अशी वर्षातून चार वेळा घेत होती आणि असे किती वर्षे चालले आहे हे तिला सांगता येईना. आणखी एकीला वारीहून परतल्यावर आठ-दहा दिवस अंगावरून जात राहिले होते. आपल्या हातून काही विटाळ झाला असेल, त्याची ही शिक्षा, असे समजून तिने ते कोणालाच सांगितले नव्हते.

विटाळाच्या भीतीने बाया गोळी घेतात, हे आपण धरूनच चालतो. ती भीती आहेच. पण एक चाळिशीची बाई म्हणाली, "ताई, देवाचं राहू द्या. गाडीत सगळी बाप्यामाणसं, उतरलं की चिखल, न्हायला आडोसा नाही. कपडा बदलायचा कुठं आणि टाकायचा कुठं? माझी मलाच नको होती ती कटकट." तिच्या बोलण्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे एकाच गोळीमागे दोन कारणे आहेत. एक मनात घातलेले, दुसरे रस्त्यावर ठेवलेले. पहिल्यावर आपण शिबिरे घेतो. दुसऱ्यावर शिबिराचा उपयोग नाही. तिथे संडासच लागतो.

गोळीविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. तब्येत चांगली असलेल्या बाईने तपासून, सल्ल्याने, एखाद्या वेळी घेतले तर बहुतेकींना मोठा त्रास होत नाही. कोणाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण जिला पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग झाला आहे, कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे किंवा दिवस गेल्याची शंका आहे, तिने ती घेऊ नये. लांबचा बसून केलेला प्रवास हाही गुठळीचा धोका वाढवतो. पायाला एकाच बाजूने सूज आणि दुखणे, छातीत कळ, धाप, अचानक जोराची डोकेदुखी यांपैकी काही झाले तर ताबडतोब दवाखाना गाठला पाहिजे. हे वाक्य दुकानदार सांगत नाही आणि पाकिटावरचे बारीक इंग्रजी आमच्या बायांना वाचता येत नाही.

आता पंढरपूरकडे वळू. या देवळात बाईला अडवणारा नियम नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला बाया-पुरुष एकाच रांगेने जातात. पण हे देऊळ सर्वांना सहज उघडे मिळाले असेही नाही. नामदेवाच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. दलितांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले, पण त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात संपायला जानेवारी २०१४ उजाडले. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, तेव्हा त्यात जातीची अट नव्हती आणि बायकांनाही अर्ज करता येत होता. एका देवळाच्या दारासाठी इतकी वर्षे लढावे लागले आहे.

बायांनी या देवाशी भांडणेही केली आहेत. जनाबाईने त्याला दळण-कांडणात ओढले. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने बादशहाकडे जाण्याऐवजी इथेच देह ठेवला, असे परंपरा सांगते. तिचे स्थान देवळाच्या आवारात आहे. चोखोबांच्या सोयराबाईने तर देहाच्या विटाळाचाच प्रश्न थेट विठ्ठलापुढे मांडला. आज सहा-सातशे वर्षांनी तिच्याच देवाला भेटायला निघालेली बाई दुकानातून गोळी घेते आणि विटाळ येऊच नये अशी तजवीज करते. सोयराबाईच्या प्रश्नाला हे उत्तर म्हणता येईल का?

शनिशिंगणापूरचा चौथरा एप्रिल २०१६ मध्ये बायांसाठी खुला झाला. शबरीमलात १० ते ५० वर्षांच्या बायांवर असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. फेरविचाराच्या अर्जांतून निघालेले प्रश्न पुढच्या वर्षी मोठ्या पीठाकडे गेले, तो भाग वेगळा. या दोन्ही ठिकाणी दार दिसत होते आणि दारात आडवा उभा राहणारा माणूसही दिसत होता. त्यामुळे मोर्चा काढता आला, न्यायालयात जाता आले. पंढरपूरला निघालेल्या आमच्या बाईला दारात कोणी अडवत नाही. तिची अडवणूक घरातून निघण्याआधीच, पाण्याच्या घोटाबरोबर होऊन जाते. याचिकेत प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव घालायचे?

पावसाळ्यातले पंढरपूर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ठाण्याच्या धो-धो पावसातून आलेल्या बाईला सोलापूर जिल्हा कोरडाच वाटतो. तिथे पाऊस मुळात कमी. पण चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि तिचे पाणी पुणे जिल्ह्यातल्या घाटांकडून येते. उजनीतून आणि नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सोडले की पंढरपुरात थेंब पडलेला नसतानाही वाळवंट पाण्याखाली जाते. त्यात आषाढीला लाखो माणसे. पददर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते, पंधरा-वीस तास उभे राहावे लागते. रांगेतून बाहेर पडले की नंबर गेला. मग बाई काय करते? पाणी पीत नाही. आदल्या संध्याकाळपासूनच पीत नाही. पुरुष कुठेही आडोशाला उभा राहतो, ती अंधार पडण्याची वाट बघते. परतल्यावर लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन बाया आमच्याकडे येतात आणि सांगतात, 'पावसात भिजले त्याचं आहे.'

या घाणीची दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. यात्रा पांगल्यावर वाळवंटातली विष्ठा हाताने उचलायची वेळ सफाई कामगारांवर येते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०१४-१५ च्या सुमारास न्यायालयाने वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध घातले, शौचालये उभारायला सांगितले. नदीपलीकडे पासष्ट एकरांत वारकऱ्यांचा तळ तयार झाला तो या सुमारासच. म्हणजे बाईला आडोसा नसणे आणि दलित बाई-पुरुषांच्या हाती खराटा-पाटी असणे हे एकाच दुर्लक्षाचे दोन परिणाम होते. शौचालयाची मागणी करताना ती साफ कोण करणार, कोणत्या साधनांनी आणि किती मजुरीवर, हेही आपण विचारले पाहिजे. नाहीतर एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या माथी बसेल.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गेल्या दहा-एक वर्षांत पालखीमार्गावर फिरती शौचालये आली. २०२२ मध्ये राज्य महिला आयोगाने 'आरोग्यवारी' सुरू केली. वाटेवर सॅनिटरी नॅपकिन, बायांसाठी न्हाणीघरे, अंगावर पिणारी मुले असलेल्या आयांसाठी हिरकणी कक्ष असा विचार तीत होता. पाळी हा शब्द वारीच्या सरकारी नियोजनात आला, हेच मोठे आहे. पण संडासांची संख्या जाहीर करणे सोपे असते. कडी लागते का, रात्री दिवा असतो का, पाणी आहे का, वापरलेला कपडा टाकायला डबा आहे का, आणि रांगेतल्या बाईला नंबर न जाता तिथपर्यंत जाता येते का, यावर ते संडास बायांचे आहेत की नाहीत हे ठरते. मुंबईत २०११ पासून बायांच्या संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, तिचा धडाही हाच होता.

आमच्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, गोळी घेणे ही तिची निवड आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता? निवड हा शब्द मी हलका मानत नाही. पण ज्या निवडीत दुसरा रस्ताच ठेवलेला नाही तिला निवड म्हणताना जपून बोलावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हाही 'त्यांनी स्वतःच काढून घेतली' असे सांगणारे होतेच. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी बुडते, फडावर संडास नाही, पाणी नाही, ही वस्तुस्थिती बाजूला ठेवली तर तीही निवडच दिसते. दोन्हींत फरक मोठा आहे, हे मला कळते. गोळीचा परिणाम सरतो, शस्त्रक्रियेचा नाही. पण व्यवस्थेने बदलायचे ते बाईनेच आपल्या शरीरात बदलून घ्यायचे, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

दुसऱ्या मैत्रिणी म्हणतात, मग जाऊच नये. हे वस्तीत बोलून पाहावे. वर्षातले हेच चार दिवस असे असतात की बाईला कोणी चहा मागत नाही, कुठे होतीस विचारत नाही. ती मोठ्याने गाते, अनोळखी बायांबरोबर फुगडी घालते, रस्त्याच्या मधोमध चालते. एकीने मला सांगितले की लग्नानंतर एकटीने तिकीट काढून केलेला तिचा पहिला प्रवास पंढरपूरचा होता. हे स्वातंत्र्य देवाच्या नावाने मिळते म्हणून आपण ते काढून घ्यायचे का? मी तरी घेणार नाही. ते पुरे मिळावे, शरीरासकट मिळावे, एवढीच माझी मागणी आहे.

त्यासाठी वस्तीपातळीवर होण्याजोगी कामे आहेत. ज्येष्ठात, वारीच्या आधी, जाणाऱ्या बायांची बैठक घ्यावी आणि तिथे पाळी, गोळी, पाणी पिणे या गोष्टींवर उघड बोलावे. ज्यांना गोळी घ्यायचीच आहे त्यांना आधी डॉक्टरांकडे न्यावे. भागातल्या औषध दुकानदारांना चार-पाच जणींनी मिळून भेटावे आणि चिठ्ठीचा नियम आठवून द्यावा. दिंडीप्रमुखांशी बोलावे. पाळी आलेल्या बाईने दिंडीत मागे चालायचे, तुळशीला-वीणेला हात लावायचा नाही, ही रीत काही दिंड्यांत आजही पाळली जाते. तिच्यावर बोलण्याचा अधिकार चालणाऱ्या बायांचा आहे, आणि आपण त्यांच्या मागे उभे राहिले पाहिजे. दर्शनरांगेत ठरावीक अंतरावर बायांसाठी शौचालय असावे आणि तिथून परत आपल्या जागी येण्यासाठी टोकन मिळावे, ही मागणी आयोगाकडे, जिल्हा प्रशासनाकडे आणि मंदिर समितीकडे लेखी करता येईल. सह्या वारकरी बायांच्याच असाव्यात.

हे प्रश्न फक्त पंढरपूरचे नाहीत. तुळजापूर, जेजुरी, सप्तशृंग, जिथे जिथे आपल्या बाया जातात तिथे तिथे हेच आहे. आपापल्या भागातल्या बाया यात्रेला जाताना काय करतात, कोणती गोळी घेतात, त्यांना काय त्रास झाला, हे गटांनी लिहून कळवावे. चैत्री वारीपर्यंत अशी माहिती एकत्र आली, तर आषाढीआधी निवेदन देता येईल.