घरचं विज्ञान : ब्रह्मकमळ आणि साडेदहाला संपलेली बॅटरी



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ब्रह्मकमळाची कुंडी आहे आणि ती बहुधा कुणीतरी दिलेल्या एका पानावरूनच वाढलेली आहे. (हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपलं झाड मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. कौतुक मात्र तेवढंच!) जुलैत आमच्याकडे पहिली कळी आली, तेव्हा आई पुण्याहून आलेली होती. "उमलताना सगळं टिपून ठेव गं, भिशीत दाखवीन," म्हणाली.

रात्री आठला कॅमेरा स्टँडवर लावला. दर २० सेकंदांना एक फोटो. आई शाल घेऊन शेजारी बसली. साडेदहाला, कळी अर्धी उघडलेली असताना, बॅटरी संपली. दुसरी चार्ज केलेली नव्हती. फूल काही आमच्यासाठी थांबलं नाही. "असू दे, डोळ्यांनी पाहिलं ना," आई म्हणाली. पण रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या मला त्या रात्री झोप आली नाही.

हिशेब साधा होता, तो मी आधी केला नव्हता. माझ्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि १०२० मिलिअँपिअर-तास असं छापलंय. गुणाकार केला की सुमारे ७.३ वॅट-तास. ती अडीच तासांत संपली, म्हणजे कॅमेरा साधारण ३ वॅट खातो. आठ ते दोन, सहा तासांना १८ वॅट-तास हवेत. मध्येच बॅटरी बदलायची तर कॅमेरा हलतो आणि चित्र उडी मारतं. तेव्हा वीज बाहेरूनच द्यायला हवी.

घरात असाल तर 'डमी बॅटरी' घ्या : बॅटरीच्या आकाराचा ठोकळा, त्याची वायर भिंतीतल्या प्लगला. व्होल्टेज आपल्या कॅमेऱ्याचंच हवं. अंगणात पॉवर बँक चालते, पण काही कॅमेरे यूएसबीवर नुसते चार्ज होतात, चालू राहत नाहीत. आधी तासभर लावून पाहा. पॉवर बँकेवरचे २०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ७४ वॅट-तास. त्यातले थोडे वाटेत जातात. स्क्रीन आणि वायफाय बंद ठेवा.

थंडीत बॅटरीतल्या लिथियम आयनांची चाल मंदावते. बॅटरी मेलेली नसते, गारठलेली असते. जादाची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. मात्र शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करू नका, आत लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. आणि भारतात जाताना पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. १०० वॅट-तासांपर्यंत एअरलाइनची वेगळी परवानगी लागत नाही.

सप्टेंबरात दुसरी कळी आली, तेव्हा आई परत गेली होती. या वेळी सहा तासांत १०८० फोटो मिळाले, त्यांची ३६ सेकंदांची फिल्म झाली. आईने भिशीत तीनदा लावली म्हणे. मग फोनवर म्हणाली, "छान आहे गं. पण आपलं ते जुलैमधलं जास्त मोठं होतं."

डमी बॅटरी कुणाला वापरून पाहायची असल्यास कोजागिरीला सांगा. ब्रह्मकमळाची पानंही घेऊन येते. काप दोन-चार दिवस सुकू द्या, मगच मातीत लावा.