साबळेचा गुडघा, मूलची मुलं

धान कापून झालं आणि बांध्या मोकळ्या झाल्या की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, पोंभुर्णा, सिंदेवाही या पट्ट्यात तीन गोष्टी एकदम सुरू होतात: मंडई, रात्रीचं नाटक आणि कबड्डी. ताज्या मातीचं मैदान, चुन्याच्या रेघा, बांबूला बांधलेले फोकस. एखादा चढाईपटू बोनसच्या रेषेवर पाय टाकतो. कोपऱ्यातला गडी घोट्याला झोंबतो. अंग मध्यरेषेकडे वळतं, पाय मात्र मातीत रुतलेलाच राहतो, आणि गुडघ्यातून कटकन आवाज येतो. तो आवाज पडलेल्याला आणि पकड करणाऱ्याला ऐकू येतो. लाउडस्पीकरवरच्या समालोचनात बाकीच्यांना काही कळत नाही.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ‘मुरगळला’ म्हणून थंड पाणी ओततात, कुणी तरी पाय ओढून बघतं, गडी उठून दोन पावलं चालतो आणि टाळ्या पडतात. रात्रीतून गुडघा नारळाएवढा होतो. सकाळी हळद-तेल, दुपारी हाडवैद्य, आठ दिवसांनी सूज उतरते आणि पंधराव्या दिवशी तोच गडी पुन्हा मैदानात उतरतो. एकदा दिशा बदलायला जातो तेव्हा गुडघा दगा देतो. मग कधी तरी चंद्रपूर किंवा नागपूरला एमआरआय होतो आणि कागदावर तीन अक्षरं येतात: एसीएल.

हीच तीन अक्षरं ११ जुलै २०२५ नंतर अविनाश साबळेच्या नावापुढे लागली. मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावताना पाण्याच्या उडीपाशी तो कोसळला आणि शर्यत तिथेच संपली. एसीएल फाटला होता, सोबत गुडघ्यातली गादीही. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. तेव्हापासून चहाच्या टपरीवर आणि मैदानाच्या कडेला खेळाच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो: साबळे पुन्हा धावेल का?

साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर राबलेले आणि शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं ऊन दोन्ही सोसून झाल्यावर, २०१५ च्या सुमारास तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीत धावू लागला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तेही सुवर्णापासून अवघ्या पाच शतांश सेकंदावर. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ७ जुलै २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद हा आजचा राष्ट्रीय विक्रम, महिनाभरात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, आणि मे २०२५ मध्ये गुमीत आशियाई विजेतेपद. असा गडी ऐन भरात असताना पडला.

गुडघ्यात नेमकं काय तुटतं? मांडीचं हाड नडगीच्या हाडावर बसतं, पण तिथे कमरेच्या सांध्यासारखी खोल खोबण नाही. सांधा टिकतो तो दोऱ्यांवर आणि स्नायूंवर. एसीएल ही त्यातली सांध्याच्या पोटातली तिरकी दोरी, करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू नये, पाय रोवलेला असताना गुडघा आत पिळला जाऊ नये, हे तिचं काम. सरळ रस्त्यावर चालायला ती फारशी लागत नाही, म्हणूनच पंधराव्या दिवशी ‘बरा झालो’ असं वाटतं. ती लागते वळताना, थांबताना, उडी मारून उतरताना. आणि एकदा पूर्ण फाटली की बहुधा आपण होऊन जुळत नाही.

म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नवी दोरी बसवतात. रुग्णाच्याच मांडीमागची शीर किंवा वाटीखालचा पट्टा काढायचा, दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे, दोरी ओवून घट्ट करायची. इथवरचं काम साधारण तास-दीड तासाचं. खरी गंमत त्यानंतर आहे. बसवलेली दोरी पहिल्या दिवशी मजबूत असते आणि पुढच्या काही आठवड्यांत कमजोर होत जाते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुने धागे मोडतं, नवे विणतं. या विणकामाला महिनोन्‌महिने लागतात. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच थांबलेलं असतं. म्हणजे खेळाडूला सगळ्यात जास्त ‘मी तयार आहे’ वाटतं त्याच सुमारास आतली दोरी सगळ्यात कच्ची असते. घात होतो तो इथे.

आकडे काय म्हणतात? ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१४ साली ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साडेसात हजारांवर रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, ६५ जण आधीच्या पातळीवर पोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतले ५५. त्याच नियतकालिकात २०१६ साली आलेला दुसरा अभ्यास मूलच्या मैदानावर फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे: नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

जगात याचे सर्वांत चर्चिले गेलेले दाखले अमेरिकी फुटबॉलमध्ये सापडतात, कारण तिथला क्वार्टरबॅक म्हणजे अख्ख्या संघाचा मेंदू आणि त्याचा गुडघा म्हणजे राष्ट्रीय बातमी. टॉम ब्रॅडीचा गुडघा सप्टेंबर २००८ मध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गेला. तो पूर्ण हंगाम बाहेर बसला, पुढच्या वर्षी परतला आणि त्यानंतर आणखी चार सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकला. जो बरोचा गुडघा नोव्हेंबर २०२० मध्ये फाटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. या दोघांच्या शेजारी रॉबर्ट ग्रिफिनचं नाव ठेवावं लागतं. डिसेंबर २०१२ मध्ये त्याचा गुडघा दुखावला होता. तरीही तो उतरला आणि जानेवारी २०१३ च्या बाद फेरीत त्याच गुडघ्याच्या दोऱ्या तुटल्या. आठ महिन्यांनी तो पुन्हा मैदानात होता, पण पहिल्या हंगामातला ग्रिफिन पुन्हा कधी दिसला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर दुसऱ्या रात्री खेळणारा गडी आपल्याकडेही प्रत्येक गावात असतो; फरक इतकाच की त्याच्यावर बातमी येत नाही.

आपल्या देशातली उदाहरणंही दोन्ही बाजूंची आहेत. रवी शास्त्रींनी जानेवारी १९९२ मध्ये सिडनीत २०६ धावा काढल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते शेवटची कसोटी खेळले, वयाच्या तिसाव्या वर्षी. गुडघ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. विनेश फोगट ऑगस्ट २०१६ मध्ये रिओच्या मॅटवरून स्ट्रेचरवर बाहेर गेली आणि दोन वर्षांनी जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. २०२३ मध्ये पुन्हा गुडघा, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि वर्षभरात पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक. यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या गाडीला ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला, त्यात गुडघा गेला; तो आयपीएलमध्ये परतला मार्च २०२४ मध्ये. लांब उडीतल्या मुरली श्रीशंकरचा तर योगायोगच म्हणायचा. गुडघ्यापायी त्याचं पॅरिस ऑलिंपिक हुकलं होतं. साबळे मोनॅकोत पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, श्रीशंकरने पुण्यात ८.०५ मीटर उडी मारून पुनरागमन केलं.

मग साबळेचं काय? त्याची शर्यत गुडघ्याला सगळ्यात महाग पडणाऱ्यांपैकी एक आहे. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाणी. ९१.४ सेंटिमीटर उंचीच्या ओंडक्यावर एक पाय टेकवून उडी घ्यायची आणि उताराच्या ओल्या तळावर एका पायावर उतरायचं, तेही धापा टाकत, आजूबाजूला कोपरांचा मारा सुरू असताना. अशा उतरण्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका गुडघ्यावर येतो. पंतला यष्टींमागे बसता-उठता आलं की त्याचं अर्धं काम झालं. ब्रॅडीला तर उभं राहून चेंडू फेकायचा होता. साबळेला धावण्याची दमछाक आणि उडीचा दणका दोन्ही त्याच गुडघ्यावर घ्यायचे आहेत, आणि वयही ३१ आहे.

त्याच्या बाजूनेही बरंच काही आहे. तो कबड्डीपटूसारखा झटक्यात दिशा बदलत नाही, त्यामुळे पिळवटण्याचा धोका कमी. त्याच्यामागे सैन्य आहे, पगार चालू आहे, फिजिओ आहे, प्रशिक्षक आहे, आणि ‘कधी परततोस’ म्हणून दारात कुणी उभं नाही. आशियाई स्पर्धा १९ सप्टेंबर २०२६ ला नागोयात सुरू होतात, म्हणजे पडल्यापासून चौदा महिने हातात. त्याआधी सहा दिवस त्याचा बत्तिसावा वाढदिवस. तो पुन्हा स्पर्धेत धावेल, याची शक्यता चांगली. नागोयात पदकाच्या झुंजीत असेल, हेही घडू शकतं. ८.०९ च्या आसपास पुन्हा जाईल का, यावर मात्र पैज लावू नये. त्याचा निकाल पाण्याच्या सातव्या उडीवर लागेल, जेव्हा पाय थकलेले असतात आणि मन त्या गुडघ्यावर भरवसा ठेवायला कचरतं.

आता मूलकडे. पहाटे पाचला गडचिरोली रोडने गेलं की मोबाइलच्या उजेडात पोरंपोरी धावताना दिसतात. वाघाच्या धाकाने घोळक्याने धावतात. यांना ऑलिंपिक नको, पोलीस भरती हवी. मुलांसाठी १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी चाचणीचे ५० गुण. रात्री कबड्डी खेळणारा आणि पहाटे डांबरावर धावणारा मुलगा बऱ्याचदा एकच असतो. त्याचा गुडघा गेला तर खेळ जातोच, त्यासोबत नोकरीही जाते. घरच्या बांधीत रोवणीच्या चिखलातही तो पाय धड टिकत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही दोरी फाटण्याचं प्रमाण मुलांच्या किमान दुप्पट आढळतं, आणि मूलच्या रस्त्यावर मुली काही कमी धावत नाहीत.

त्या मुलाला शस्त्रक्रिया कशीबशी मिळते. उधारी होते, कधी बैल विकला जातो, नागपूरला चार दिवस नातेवाइकाकडे मुक्काम होतो. मिळत नाहीत ते नंतरचे नऊ महिने. फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक देतात’ एवढीच समजूत, आणि त्यासाठी दिवसाआड तासभर एसटीने जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. खरं तर पहिल्या टप्प्याचा बराचसा व्यायाम खाटेवर होतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. वाटीच्या वर आतल्या बाजूला मांडीचा एक फुगवटा असतो. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांत तो सपाट होतो आणि परत आणायला महिने घेतो. शिंप्याची टेप घेऊन वाटीच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही मांड्या मोजल्या तरी घरबसल्या अंदाज येतो. शेवटी अंगणात चुन्याची रेघ मारून एका पायावर उडी मारायची. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के होईपर्यंत मैदानात उतरायचं नाही, हा जगभर वापरला जाणारा निकष आहे. त्याला लागतं चुना, टेप आणि कुणी तरी महिन्यातून एकदा बघणारं.

हे बघणारं माणूस मूलमध्ये आणता येतं. ब्रॅडीच्या गुडघ्यानंतर अमेरिकेतल्या लीगने पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर झेप घेऊ नये असा नियम केला. एका खेळाडूच्या दुखापतीतून खेळ बदलला. आपल्या मंडळांना तेवढंही करावं लागणार नाही. या हिवाळ्यात मूल-सावलीत सामने भरवणाऱ्या मंडळांनी तीन गोष्टी कराव्यात. गुडघ्यातून आवाज आला किंवा रात्रीतून सूज आली, तर त्या गड्याला त्या स्पर्धेत पुन्हा उतरवू नये, संघ उपांत्य फेरीत असला तरी. सामन्याआधी पंधरा मिनिटं उडी मारून गुडघा वाकवून उतरण्याचा सराव सक्तीचा करावा. आणि पहिल्या बक्षिसातला दहावा हिस्सा बाजूला काढून, चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून महिन्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट मूलला आणावा. तारीख ठरली की या स्तंभाला कळवावं, ती इथे छापली जाईल.