साथीदार म्हणजे कोण?

सी. रामचंद्रांवरील मराठी स्मरणलेखांचा एक ठरलेला साचा आहे. पुणतांब्याचे मूळ, 'अलबेला'ची (१९५१) धूम, १९६३ सालचे ते देशभक्तिगीत आणि शेवटी अण्णांच्या उपेक्षेबद्दल एक उसासा. त्याच 'अलबेला'त झालरींच्या पोशाखात पडद्यावर दिसणारा ट्रम्पेटवादक कोण, हा प्रश्न या साच्यात बसत नाही. फार तर 'गोव्याच्या वादकांची उत्तम साथ लाभली' असे एक वाक्य येते. माझा आक्षेप या 'साथ' शब्दालाच आहे.

तो वादक म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियु शावियेर वाझ, जन्म १९१६, बार्देशातील हळदोणे. मुंबईच्या हॉटेलांतून स्वतःचा जॅझ वाद्यवृंद चालवणारा, ध्वनिमुद्रिका काढणारा, सी. रामचंद्रांचा सहायक आणि 'नादान' (१९५१) या चित्रपटाचा स्वतंत्र संगीतकार. १९६७ साली, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, तो गेला. त्याचे चाहते आजही त्याला मोठ्या प्रेमाने 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणतात. हे प्रेम खरे आहे यात शंका नाही, पण ते त्या माणसाला दुसऱ्याच्या सावलीत उभे करते. (कालिदासाला 'भारताचा शेक्सपिअर' म्हटले की आपण खवळतो; इथे मात्र टाळ्या वाजवतो.) आर्मस्ट्राँग त्याचे दैवत होते हे मान्य. परंतु १९३० च्या दशकात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात प्रत्यक्ष वाजवत होते. त्या काळातल्या गोमंतकीय वादकांचे जॅझ केवळ तबकड्या ऐकून केलेली नक्कल नव्हती. त्याला सहवासाची परंपरा होती.

आपल्या समीक्षेत यावर दोनच पक्ष संभवतात. शुद्धतावादी म्हणणार, ही पाश्चात्त्य उचलेगिरी. भक्त म्हणणार, ही अण्णांची प्रतिभा. भांडण कडाक्याचे, पण दोघांचेही एका गोष्टीवर एकमत आहे: ट्रम्पेट वाजवणाऱ्याला स्वतःचे डोके नसते.

वस्तुस्थिती काय होती? गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुले पाश्चात्त्य स्वरलेखन शिकत. मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले काम आटले आणि हे वादक चित्रपटांकडे अधिकच वळले. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती कागदावर उतरवणे, व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांत वाटणे, दोन कडव्यांमधली जागा भरणे हे बहुधा सहायकाकडे असे. म्हणजे श्रोत्याच्या कानात जे घर करते त्याचा मोठा भाग लिहिलेला आहे, आणि लिहिणाऱ्याचे नाव तबकडीवर नाही. कर्तृत्व आणि संहिता यांवर वर्गात तासन्तास बोलणाऱ्या आपणा प्राध्यापकांना यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते हवे? 'आशा' (१९५७) मधल्या ज्या गाण्याला आपण निरर्थक बडबड समजतो, त्यात चक्क कोंकणी शब्द आहेत. ते गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांच्याकडून आल्याचे सांगतात. निरर्थक ते शब्द नव्हेत, शेजारची भाषा न ओळखणारा आपला कान आहे.

वादकांच्या आठवणी चाहत्यांच्या आठवणींहून वेगळ्या असतात. चाहत्याला पोशाख आठवतो, नाव आठवते, फार तर एखादा वरचा स्वर. वादकाला आठवते कोण कोणाच्या शेजारी बसे आणि कागद कोणाच्या अक्षरात होता. इतिहास या दुसऱ्या प्रकारच्या आठवणींतून लिहावा लागतो, आणि त्या सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. चिकचा समकालीन ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड, 'आमचें नशीब' (१९६३) या कोंकणी चित्रपटाचा निर्माता, २००७ साली गेला. नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा ग्रंथ २०१२ साली आला, तोही इंग्रजीत. सी. रामचंद्र आमचे म्हणून अभिमानाने सांगणाऱ्या मराठीतून असा ग्रंथ माझ्या तरी वाचनात नाही.

हे नंदुरबारसारख्या ठिकाणाहून लिहिण्याचे काय कारण, असे कोणी विचारील. आमच्याकडच्या लग्नांत बँडवाल्याने ट्रम्पेटवर 'अलबेला' वाजवला तर वरात नाचते, आणि त्याचे नाव कोणी विचारत नाही. सातपुड्यातल्या पावरीवादकाचे छायाचित्र छापतात, खाली मजकूर 'आदिवासी कलाकार'. लोकसाहित्याच्या आमच्या संकलनांतही गाणे सांगणारीचे नाव वगळून संकलकाचे ठळक छापण्याची सवय जुनीच आहे. विद्यार्थ्यांना पुढचा संकलनाचा प्रकल्प देताना पहिला रकाना नावाचा ठेवावा, आणि तो रिकामा असेल तर वही परत करावी.